हिरड्यांवरची निळी रेघ

दहा वर्षं जी गोष्ट मी कोणाजवळ बोललो नाही ती आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. मुंबईच्या इस्पितळात डॉक्टरांनी मला विचारलं होतं, "हा सफेदा तुझ्या घरात आणखी कोण हाताळते?" आणि मी म्हणालो होतो, "कोणी नाही."

माझ्या घरी सफेदा, म्हणजे तैलरंगातला पांढरा, माझी बायको वाटत असे. पाट्यावर, हाताने, रोज.

तिचं नाव सुभद्रा. आमच्याकडे पुरुषाने चारचौघांत बायकोचं नाव घ्यायची रीत नाही. 'घरात' म्हणायचं, नाहीतर 'आमची मंडळी' म्हणायचं. इथे नाव लिहितो, कारण तिनेच लिहायला सांगितलं आहे.

मी तैलरंगात माणसांचे चेहरे काढतो. लेख आजाराबद्दल आहे, चित्रांबद्दल नाही. पण माझा आजार रंगातून आला, आणि आजारातून उठल्यावर मी जी चित्रं काढू लागलो ती आजारामुळे सुचली, तेव्हा दोन्ही वेगळं काढता येत नाही. ज्यांचा रंगाशी रोजचा संबंध आहे, मग ते दुकानांच्या पाट्या रंगवोत की मचव्यांचे तळ, त्यांच्यासाठी मी हे लिहितो आहे. पोटात कळा येत असतील तर आधी आरसा घ्या, ओठ वर करा आणि हिरड्या बघा. दातांच्या मुळाशी निळसर रेघ दिसली तर हा लेख बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा. लेख कुठे पळून जात नाही.

कुंचल्याचं टोक

शिकलो मुंबईच्या चित्रशाळेत, राहिलो मात्र नागावात. वाडी होती, नारळी-पोफळी होत्या, खायची ददात नव्हती. अलिबागचे वकील आणि रेवदंड्याचे व्यापारी माझ्याकडून तसबिरी काढून घेत. बहुतेक वेळा तसबीर वारलेल्या वडिलांची असे आणि समोर बसायला वडिलांच्या जागी एक पिवळा पडलेला फोटो. फोटोत न दिसणारं सगळं चित्रात हवं असे. पगडीचा पीळ न् पीळ, भिकबाळीतला मोती न् मोती, उपरण्याची जर. चेहरा कसा, तर धुतलेल्या संगमरवरासारखा. कुंचल्याचा एक फटकारा जरी दिसला तरी गिऱ्हाईक विचारी, "हे अजून पुरं व्हायचंय ना?"

मोत्यावरचा उजेडाचा ठिपका द्यायला कुंचल्याला केसाएवढं टोक लागतं. कुंचला टर्पेंटाइनमध्ये खळबळायचा, फडक्याला पुसायचा आणि ओठांत धरून फिरवायचा, की टोक निघतं. माझे गुरू तसंच करत, त्यांचे गुरूही करत असणार. सफेद्याची चव किंचित गोडसर लागते. मला ती आवडू लागली होती.

विलायती रंगाच्या नळ्या महाग पडत, म्हणून मी मुंबईहून सुका सफेदा आणी आणि घरी अळशीच्या तेलात वाटून घेई. ते काम सुभद्राकडे आलं ते आईमुळे. महिन्यातले चार दिवस सुभद्रा बाजूला बसे. त्या दिवसांत चुलीला शिवायचं नाही, देवाला नाही, पाण्याला नाही. पडवीत नुसतं बसायचं. आईला माणूस नुसतं बसलेलं बघवत नाही.

"बसलीस ना अशी रिकामी? मंग त्याचा रंग तरी वाट," ती म्हणाली. "रंगाला कसला आलाय इटाळ!"

चार दिवसांचं काम मग रोजचं झालं, कारण सुभद्रा माझ्यापेक्षा बारीक वाटत असे. बोटाच्या पेरावर थोडा रंग घेऊन अंगठ्याने चोळून बघायची आणि एक कण जरी लागला तरी पुन्हा वरवंटा हातात घ्यायची. पदरावर, कोपरांवर, भुवयांवर पांढरी पूड. हात फडक्याला पुसून त्याच हाताने पान लावून खायची. मी ते रोज बघत होतो, आणि मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

दोनदा तिला दिवस गेले आणि दोन्ही वेळा राहिलं नाही. तसं झालं की ती पुन्हा पडवीत. पडवीत पाटा होताच.

वकीलसाहेबांच्या नाकाला शेपूट

आधी पोट दुखू लागलं. दुखणं म्हणजे आत कोणीतरी पंचा पिळतो आहे असं. मी पाय पोटाशी घेऊन ओसरीवर पडे. आईने मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली, हिंग लावला, वैद्याने वायगोळा सांगून काढा दिला. तोंडाचा रंग पांढराफटक झाला. "तसबिरीतल्या म्हाताऱ्यांवानी दिसाय लागलास रं दामू," आई म्हणाली, आणि त्यात चुकीचं काही नव्हतं.

मग हात गेला. अलिबागच्या एका वकीलसाहेबांची तसबीर चालू होती. स्वतः जिवंत, समोर खुर्चीत बसलेले, माझ्या धंद्यातली दुर्मिळ गोष्ट. नाकाच्या शेंड्यावर उजेड देत होतो आणि उजवा हात मनगटापासून खाली लोंबला. दुखलं नाही, काही नाही. ओल्या फडक्यासारखा नुसता खाली आला आणि कुंचला नाकावरून थेट हनुवटीपर्यंत घसरला.

वकीलसाहेब उठून बघायला आले. "काय हो, माझ्या नाकाला शेपूट फुटलं की!"

मी हसलो. डाव्या हाताने उजवा पंजा उचलून धरला, सोडला, की तो पुन्हा खाली. बोटं मिटत होती, पण पंजा वर उचलला जात नव्हता. मी घाईने सामान आवरलं आणि घरी येईपर्यंत हात उपरण्यात लपवून ठेवला. चित्रकाराचा उजवा हात गेला ही बातमी किती लवकर पसरते ते मला माहीत होतं.

सुभद्राने ओळखलं, जेवताना. घास तोंडापर्यंत जात नव्हता. तिने भात कालवून चमचा माझ्या मुठीत दिला. आई म्हणाली, "ममईला जा. हितं काय न्हाय होयाचं." रेवसहून आगबोटीत बसलो तेव्हा दोघी धक्क्यावर उभ्या होत्या. सुभद्राने तोंडाला पदर लावला होता. मी हात हलवायला गेलो, आणि कोणता हात ते आठवून थांबलो.

निदान

डॉक्टर पारशी होते, भरदार, मोठ्या आवाजाचे. माझी सगळी कहाणी ऐकून घ्यायला ते थांबलेच नाहीत.

"तोंड उघड. असा. ओठ वर." मग त्यांनी शिकाऊ डॉक्टरांना हाक मारली. "बघा, बघा, काय सुंदर लाइन हाय!" पाच-सहा तोंडं माझ्या तोंडात डोकावली.

"तू काय काम करते?"

"चित्रं काढतो."

"ब्रश तोंडात घालते?"

मी ओठ मिटून घेतले.

"घालते!" ते इतके खूश झाले की मीच काही चांगलं काम केलं असावं असं वाटलं. "अरे बाबा, तू शिसं खाते. रोज जरा जरा. सफेदा म्हणजे शिसं. घाबरू नको, मरत नाय तू. हात पण येईल, टाइम लागेल."

त्या क्षणी जो आनंद झाला तो लपवत नाही. आजाराला नाव मिळालं की अर्धं ओझं उतरतं. करणी नाही, क्षय नाही, पक्षाघात नाही. ही मी स्वतःच्या तोंडाने खाल्लेली एक वस्तू आहे आणि ती खाणं बंद करता येतं.

मग टॉवेलला हात पुसत त्यांनी विचारलं, "शादी झाली? पोरं?"

"दोनदा राहिलं नाही."

टॉवेल थांबला. "हा सफेदा तुझ्या घरात आणखी कोण हाताळते?"

ते का विचारताहेत हे मला तत्काळ कळलं. कळलं नसतं तर मी खरं सांगितलं असतं. बायको वाटते म्हटलं की पुढचं वाक्य ते बोलणार, आणि ते वाक्य मला ऐकायचं नव्हतं.

"कोणी नाही."

"बरा," ते म्हणाले. "कारण शिशाच्या कारखान्यात बायका काम करते ना, तेंचा पोर टिकत नाय."

माझ्या खोट्याने ते वाक्य चुकलं नाही. नुसता माझा आणि त्याचा संबंध तुटला, तोही फक्त डॉक्टरांच्या लेखी.

वॉर्डातले दिवस

सकाळी जुलाबाचं मीठ, मग दूध, मग विजेची पेटी. पेटीच्या तारा हाताला लावल्या की बोटं आपोआप नाचत. आपलेच हात आपल्याला न विचारता नाचताना पाहणं विचित्र असतं, पण ती नाचताहेत म्हणजे आत कोणीतरी जिवंत आहे याचा धीरही येतो. उरलेला वेळ हात फळीला बांधलेला. पोटाच्या कळा आठवड्याभरात गेल्या. ज्या रात्री पहिल्यांदा सलग झोप लागली, तिच्या दुसऱ्या दिवशी सकाळचं ते पातळ, साखर नसलेलं दूध मला अजून आठवतं. या आजारात असलेल्यांना सांगतो: आधी पोटाच्या कळा जातात, हात मागून येतो. हाताची घाई करू नका.

शेजारच्या खाटेवर इब्राहिमभाई होते, श्रीवर्धनकडचे. गोदीत बोटींचा जुना लाल रंग खरवडायचं काम करत. त्या लाल रंगातही शिसंच. त्यांचे दोन्ही हात लुळे पडले होते, आणि जेवण भरवणाऱ्या वॉर्डबॉयला ते म्हणत, "भर राजा, भर. बादशाला पण असाच भरवतात."

भेटीच्या दिवशी त्यांचा भाऊ आला. तो खाटेवर टेकायच्या आत इब्राहिमभाईंनी त्याला सुनावलं, "आधी घरी सांगावा दे. माझं काम करायचं कपडं तुझ्या भाभीनं धुवायचं नाय. हातसुद्धा लावायचा नाय. जाळून टाक म्हणावं."

"नवीन कपडं हायत ते," भाऊ म्हणाला.

"जाळ म्हणतंय ना!"

भाऊ गेल्यावर माझ्याकडे वळून ते म्हणाले, "चित्रकारभाई, तुमी घरी सांगितलंत ना?"

"हो," मी म्हणालो. दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

नागावचा एक गडी दर आठवड्याला सुपारी घेऊन मुंबईला येई आणि मला भेटून जाई. त्याच्याबरोबर निरोप द्यायला किती वेळ लागला असता? 'रंग वाटू नको.' तीन शब्द. पण तिने विचारलं असतं, का? आणि त्या 'का'च्या मागे दोन मुलं होती. मी स्वतःला सांगितलं, मी इथे आहे, तिला कशाला कोण वाटायला सांगतंय.

एक चांगली गोष्टही तिथेच झाली. इब्राहिमभाई एकदा म्हणाले, "आमची पण एक तसबीर काढा की. का फक्त मोठ्या लोकांची काढता?" मी फळी दाखवली. "मग काय झालं? मुठीत धरा कोळसा, आणि मारा खांद्यातून. मी रंग खरवडतो तसा." नर्सने फळी सोडली. कोणाच्या तरी फळांच्या पुडक्याचा खाकी कागद होता. मनगट नव्हतंच, म्हणून अख्खा हात खांद्यापासून फिरवला. सात-आठ रेघा. टोक नाही, ठिपका नाही, मोती तर नाहीच.

इब्राहिमभाईंनी कागदाकडे बराच वेळ पाहिलं. "ह्यो तर मीच. दाढी खाजवायची हाय आणि हात नाय, तवा मी असाच दिसत असेन."

मी तोवर शेकडो तसबिरी रंगवल्या होत्या. त्यांतली एकही बघून कोणी 'ह्यो मीच' म्हटलं नव्हतं.

मडकं

घरी आलो तो पावसाळा तोंडावर आलेला. सुभद्राने मला हात-पाय धुवायलाही वेळ दिला नाही. पडवीत नेलं आणि कोपऱ्यातल्या मडक्यावरचं झाकण काढलं. मडकं गच्च भरलेलं, वाटलेला सफेदा, वर साय धरू नये म्हणून पाणी घातलेलं.

"बघा," ती म्हणाली, "आता वर्षभर बघायला नको. हात बरा झाला की नुसतं रंगवायचं." आणि मग जरा थांबून, खाली बघत, "आणखी एक सांगायचं आहे."

तिला दिवस गेले होते, मी मुंबईला निघालो त्याआधीचेच.

मी त्याच दिवशी मडकं उचलून समुद्राकडच्या बाजूला नेलं आणि सुरूच्या झाडांपलीकडे खोल पुरलं. पाटाही पुरला. "मुंबईला नवीन जस्ताचा सफेदा मिळतो, तो तयारच येतो, हा पिवळा पडतो," असं तिला सांगितलं. तिचा चेहरा उतरला. तिच्या मेहनतीचं कौतुक न करता मी ते फेकून दिलं, एवढंच तिला कळलं.

काही आठवड्यांनी तेही गेलं.

या वेळी आईला कारण सापडलं. मी इस्पितळात असताना सुभद्रा भावाच्या लग्नाला म्हसळ्याला जाऊन आली होती; श्रीवर्धनपर्यंत बोटीने आणि तिथून घाटातल्या रस्त्याने बैलगाडीत. "पोटुशी बाई गाडीत बसती व्हय? धा जागी आपाटली आसंल," आई म्हणाली, आणि पुढे भेटेल त्याला म्हणत राहिली. सुभद्राने ते मान खाली घालून स्वीकारलं. तिला कारण मिळालं होतं, आणि ते तिच्या स्वतःच्या पायांनी केलेलं होतं. मी शेजारी बसून जेवत होतो.

खांद्यातून

हात परत आला, पण पूर्ण नाही. पंजा उचलला जातो, ठिपका देता येत नाही. सुरुवातीला मी रडलो, हे खरं आहे. मग कंटाळून कामाला लागलो.

जाड, डुकराच्या केसांचे कुंचले घेतले आणि दांड्याला वेळूची काडी बांधून ते लांब केले, म्हणजे कॅनव्हासपासून दूर उभं राहावं लागतं आणि हात खांद्यातूनच फिरतो. रंग सुरीने थापला. उजेड द्यायचा तिथे पांढरा लावण्याऐवजी ओला रंग फडक्याने पुसून खालचा गेरू उघडा केला. दाढीचे खुंट नारळाच्या काथ्याच्या बोळ्याने घासून काढले. कुंचला तोंडात घालायचा प्रश्नच उरला नाही; तो कुंचला तोंडात मावतच नाही. जस्ताचा सफेदा जरा थंड, निळसर, आणि वाळायला आळशी आहे. पण त्या आळसाचा फायदा असा, की चेहरा ओला असेपर्यंत हवा तसा हलवता येतो. जमला नाही तर सगळा पुसायचा. पूर्वी मी एक गाल आठवडाभर घोटत बसे. आता एका बैठकीत चेहरा आला तर आला, नाहीतर गेला.

पहिली बसली आई.

"ह्ये काय? माज्या तोंडावर शेण थापलंस!" चित्र जवळून पाहून ती किंचाळली. मी तिला हाताला धरून पडवीच्या पार टोकाला नेलं आणि वळवलं. तिने डोळे बारीक केले. मग हळूच म्हणाली, "मी अशी रागीट दिसतंय व्हय रं?"

"दिसतेस."

"बरं. डोलं माजंच हायेत पण."

वकीलसाहेबांनी त्यांची तसबीर दुसऱ्याकडून पुरी करून घेतली, शेपूट खरवडून. वर्षभर कोणी फिरकलं नाही. मग म्हसळ्याच्या वाटेवरच्या एका खोताने, ज्याचे वडील वारले होते आणि फोटोही नव्हता, मला नुसतं बोलून वर्णन सांगितलं आणि मी सुरीने एक म्हातारा उभा केला. त्याची आई ते चित्र बघून डोक्यावर पदर घ्यायला धावली. त्यानंतर कामाला तुटवडा पडला नाही. नम्रपणा म्हणून काहीतरी लिहायला हवं असेल, पण लिहीत नाही: मी पूर्वीपेक्षा चांगला चित्रकार आहे. आजाराने माझ्याकडून घेतलं त्यातलं बरंचसं मला नकोच होतं.

सुभद्रा कुठे जात नाही

पाटा गेल्यावर चौथ्या वर्षी पुन्हा दिवस गेले. या वेळी सुभद्रा वाडीबाहेर पडेना. देवळाला पायी जायची, गाडीत चढायची नाही. सातव्या महिन्यात म्हसळ्याहून माणूस आला. तिचे वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणू, अंथरुणाला खिळले होते आणि लेकीला बघायचं म्हणत होते.

तिने त्या माणसाला ओसरीवर बसवून पाणी दिलं, जेवायला घातलं, आणि म्हणाली, "तात्यांना सांग, पोर झालं की घेऊन येते. गाडीत बसून मी एक घालवलंय. आता नाही."

मी तिथेच उभा होतो. तेव्हा बोलायला हवं होतं. अवघडलेल्या बाईला हे ऐकवून धक्का बसेल असं मनाला समजावलं, आणि त्यात थोडं तथ्यही असेल. पण मी गप्प बसलो तो तेवढ्यासाठी नव्हे.

कुमुद जन्मली त्याआधी महिनाभर तात्या गेले. मुलगी धडधाकट निघाली. आईने नवस फेडला आणि म्हणाली, "बग, गाडीत न्हाय बसली तर कसं नीट झालं!" त्यानंतरही सुभद्रा म्हसळ्याला गेली नाही. कोणत्या तोंडाने जाऊ, म्हणायची.

"किती वेळा पुसताय मला?"

या वर्षी होळीनंतर मी तिचं चित्र काढायला घेतलं. इतक्या वर्षांत तिचं एकही काढलं नव्हतं. ती दुपारी जेवणं आटोपून पडवीत बसे, मी पाच-सात हात लांब. आणि चेहरा येईना. रोज काढायचा, रोज पुसायचा.

"किती वेळा पुसताय मला?" एके दिवशी ती म्हणाली. "आईंचा येतो, खोताच्या मेलेल्या बापाचा येतो, नारळ पाडायला येतो त्या भिक्याचासुद्धा आला. माझाच बरा येत नाही. मी काय इतकी वाईट दिसते?"

"तसं नाही."

"मग हात दुखतो?"

मी सुरी खाली ठेवली आणि सांगितलं. डॉक्टरांचा प्रश्न, माझं उत्तर, कारखान्यातल्या बायकांचं ते वाक्य, इब्राहिमभाईंनी भावाला दिलेला सांगावा, मडकं का पुरलं ते. मध्ये थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं, म्हणून थांबलो नाही.

तिने आधी विचारलं ते हे: "कुमुदला दूध पाजलं तेव्हा माझ्या अंगात होतं का ते?"

"तोवर चार वर्षं झाली होती. गेलं असावं बरंचसं. मुलगी चांगली आहे."

"असावं म्हणजे? विचारलंत का कोणाला?"

"नाही."

"विचारा." मग तिने पडवीच्या कोपऱ्याकडे, पाटा असे तिकडे बघितलं. "म्हणजे गाडीनं काही झालं नव्हतं."

"नाही."

"तात्या वाट बघत होते."

"हो."

मला वाटलं ती रडेल, किंवा मला बोलेल. ती उठली, हातातल्या बांगड्या सारख्या केल्या आणि म्हणाली, "तुम्ही आईंसमोर हे सगळं परत सांगा. आत्ता. मी ऐकते."

मी सांगितलं. आई आधी चिडली. "कायतरीच तुजं! रंगानं प्वार जातंय व्हय? मग मीच सांगितलं व्हतं तिला वाटाय—" ती आत गेली. दिवेलागणीला बाहेर आली ती टोपली घेऊन: सोललेले नारळ, सुपारी, केळीचा एक घड. सुभद्रापुढे ठेवून म्हणाली, "म्हायेरी जाशील ना? रिकाम्या हातानं नको जाऊस." एवढंच. आईकडून माफीचं मी याहून जास्त कधी ऐकलेलं नाही.

सुभद्राचं वागणं माझ्याशी सरळ आहे. प्रेमळ म्हणणार नाही, सरळ. हे लिहू का विचारलं तर म्हणाली, "लिहा. दुसऱ्या कोणाच्या पडवीत पाटा असेल. माझं नावही लिहा. पण रडगाणं नको." तिने मुंबईला जाऊन स्वतःची आणि कुमुदची तपासणी करून घेतली, डॉक्टर वेगळे होते, दोघींच्या हिरड्या स्वच्छ निघाल्या. तिचं चित्र मी पुन्हा लावलेलं नाही. ती बसेल तेव्हा काढीन.

वैशाखात ती कुमुदला घेऊन म्हसळ्याला गेली, घाटातून, बैलगाडीने. आठ दिवस राहिली. परत आल्यावर मी विचारलं, "सासूबाई काय म्हणाल्या?"

"म्हणाली, आता कशी आलीस? तेव्हा का नाही आलीस?"

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, जावई येऊन सांगतील." तिने टोपलीतून म्हसळ्याचे फणस काढून ठेवले. "ते मी नाही सांगणार. ते तुमचं काम."

त्याला आता बरेच दिवस झाले. मी हा लेख लिहीत बसलो, कारण अनोळखी माणसांना सांगणं सोपं आहे. रंगकामाच्या लोकांना जे सांगायचं होतं ते वर आलंच आहे. त्याखेरीज एक काम राहिलं आहे: म्हसळ्याला जाऊन सासूबाईंसमोर बसायचं आणि त्यांचे यजमान शेवटचे दिवस मोजत असताना त्यांची लेक का आली नाही, ते माझ्या तोंडाने त्यांना सांगायचं. ते मी अजून सांगितलेलं नाही.